बॉरो की लेंड, शेड की शॅडो: खान्देशातल्या इंग्रजी शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेरला संध्याकाळी मी इंग्रजीचा क्लास घेतो. त्याआधी काही वर्षं रावेरकडे एका केळी निर्यातदाराची इंग्रजी पत्रं लिहायचं काम केलं. क्लासला बारावीची पोरं येतात, जिनिंगवरचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, एक सुपरवायझर येतो, केळीच्या गाड्या भरणारा एक दादा येतो, दोन सुना येतात. प्रश्न मात्र सगळ्यांचे फिरून फिरून तेच असतात. "सर, डिक्शनरीत पाहिलं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच दिलाय, मग फरक काय?" त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकदाचे लिहून टाकतो.

माझी एक सवय सांगतो. दोन इंग्रजी शब्दांत फरक काय, असं कोणी विचारलं की मी आधी त्यांचा मराठी शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, हा शब्द तुमच्या घरात किती कामं करतो? निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

प्रश्न: "भाडं" याला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं? रेंट, फेअर की हायर?

कशाचं भाडं, त्यावर आहे. अमळनेरहून जळगावला एसटीने गेलात आणि कंडक्टरला पैसे दिले, ते फेअर. सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला गेला, त्या मालवाहतुकीचं भाडं म्हणजे फ्रेट. बाजारातल्या गाळ्याचं दर महिन्याचं ते रेंट. लग्नासाठी दोन दिवस हॉल घेतला किंवा तासाच्या बोलीवर रोटाव्हेटर बोलावला, तर हायर. अमेरिकेत मात्र गाडीसुद्धा रेंट करतात आणि हायर हा शब्द बहुतेक माणसं कामावर ठेवण्यासाठी राखून ठेवतात.

शेत खंडाने घेतलं तर लीज, कारण तिथे मुदत असते, करार असतो, पीक येवो न येवो ठरलेली रक्कम द्यायची असते. बटाईने केलं तर ते लीज नव्हे. तिथे उत्पन्नातला वाटा द्यायचा असतो, त्याला शेअरक्रॉपिंग म्हणतात. बँकेच्या अर्जात ही गल्लत केलीत तर पुढे साहेब चार प्रश्न जास्त विचारतो.

क्लासमधल्या एकाने निबंधात लिहिलं होतं, "माय फादर पेज हाउस फेअर." आता फेअर या शब्दाचा जुना अर्थच मुळी प्रवास करणे. फेअरवेल म्हणजे "नीट जा" असा निरोप. त्यामुळे एका जागी उभ्या असलेल्या घराला फेअर लागत नाही. हे सांगितल्यापासून त्याची ती चूक परत झाली नाही.

प्रश्न: बॉरो आणि लेंड यांत मी कायम उलटसुलट करतो. काय करू?

दोष तुमचा नाही, "उसनं" या शब्दाचा आहे. आपण एकच शब्द ठेवला आणि पुढे घेणं किंवा देणं जोडलं. इंग्रजीने दोन वेगळी क्रियापदं केली. बॉरो म्हणजे उसनं घेणं आणि त्यामागे फ्रॉम. लेंड म्हणजे उसनं देणं आणि त्यामागे टू. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला गेलात तर तुम्ही बॉरो करताय आणि ती लेंड करते. "प्लीज बॉरो मी युअर पेन" म्हणालात तर ऐकणारा गोंधळतो.

पुढची पायरी आपल्याकडे जास्त स्पष्ट आहे. घरातून घराला उसनं, दुकानातून उधार, बँकेतून कर्ज. इंग्रजीत उधारीला ऑन क्रेडिट, कर्जाला लोन. आणि इंटरेस्ट म्हणजे व्याजही आणि आवडही, हे इंग्रजांना कसं सुचलं कोण जाणे. सावकाराला मात्र दोन्ही अर्थ लागू पडतात.

प्रश्न: "आय हॅव अ डाउट" म्हणणं चूक आहे का? सगळे तर म्हणतात.

आपल्या देशात चालतं, कारण समोरचाही तेच बोलतो. बाहेर बोलताना सांभाळा. मी हे पैसे मोजून शिकलोय, म्हणजे पैसे मालकाचे होते.

निर्यातीच्या कामावर असताना आखातातल्या एका खरेदीदाराला मी लिहिलं, "वुई हॅव सम डाउट्स अबाउट युअर पेमेंट." मला एवढंच विचारायचं होतं की आगाऊ रक्कम किती आणि उरलेली माल पोहोचल्यावर किती दिवसांत. त्याने वाचलं ते असं, की तुमच्या पैशांवर आमचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला फोन. "इतक्या वर्षांत एक दिवस उशीर केलाय का मी?" तो कंटेनर त्या आठवड्यात गेलाच नाही.

आपल्या "शंका" या शब्दाला दोन तोंडं आहेत. शंका विचारणं वेगळं आणि शंका घेणं वेगळं. पहिलीसाठी क्वेश्चन म्हणा, दुसरीसाठी डाउट.

त्यातही एक खाच आहे. "आय डाउट ही इज अ थीफ" म्हणजे तो चोर असेल असं मला वाटत नाही. "आय सस्पेक्ट ही इज अ थीफ" म्हणजे तो चोर असावा असं मला वाटतं. मराठीत दोन्हीकडे संशयच, पण माणूस एकात सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो.

प्रश्न: वांग्याला ब्रिंजल म्हणायचं, एगप्लांट की ओबर्जीन?

भारतात ब्रिंजल, अमेरिकेत एगप्लांट, इंग्लंडमध्ये ओबर्जीन. भाजी तीच. ब्रिंजल पोर्तुगिजांकडून आला, ओबर्जीन फ्रेंचांकडून, आणि दोघांचंही मूळ एकाच अरबी शब्दात आहे. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत पोहोचले. एगप्लांटचं कारण साधं आहे. वांग्याची एक जात पांढरी आणि अंड्याच्या आकाराची असते, तिच्यावरून ते नाव पडलं.

आपल्याकडच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते "जळगाव भरीत ब्रिंजल" याच नावाने. त्यामुळे पाहुण्याला एगप्लांट सांगा हवं तर, पण पिशवीवर ब्रिंजलच छापा. आमच्या जिल्ह्यातल्या बामनोद गावच्या हिरव्या, पांढरट पट्ट्यांच्या वांग्यांना ओबर्जीन म्हणताना माझी तरी जीभ वळत नाही.

प्रश्न: मग ते वांगं भाजतो, त्याला रोस्ट, बेक, ग्रिल की बर्न?

हा माझा आवडता प्रश्न, कारण "भाजणे" हे क्रियापद आपल्याकडे ढोरासारखं राबतं. वांगं भाजतो, भाकरी भाजतो, दाणे भाजतो, पापड भाजतो, विटा भाजतो आणि घाईत हातही भाजतो.

हिवाळ्यात वावरात पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवून वांगी भाजतात, ते रोस्ट. दाणे, कणीस, निखाऱ्यावरचा पापड, हेही रोस्ट. बेक म्हणजे बंद भट्टीत चारही बाजूंनी कोरडी आच, म्हणून पाव आणि नानकटाई बेक होतात. पण भाजलेल्या पावाचा काप पुन्हा शेकला की टोस्ट. ग्रिल म्हणजे जाळीवर, उघड्या आचेवर. आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तव्यावर होते, तिला बेक म्हणणं ओढूनताणून आहे. सरळ "कुक्ड ऑन अ ग्रिडल" म्हणावं, ग्रिडल म्हणजे तवा. विटा भाजणं म्हणजे फायर. नोकरीवरून काढणं म्हणजेही फायर, तेव्हा वीटभट्टीवर "ही फायर्स ब्रिक्स" आणि "ही फायर्ड द वर्कर" यांत गोंधळ नको.

हात तव्याला लागला तर बर्न. उकळतं पाणी किंवा वाफ लागली तर स्काल्ड. दवाखान्याच्या कागदावर हे दोन वेगळे लिहिलेले दिसतात, ते यामुळे.

वांगं भाजून झालं, साल काढली, आता लाकडी मुसळीनं ठेचायचं. मऊ वस्तू दाबून एकजीव करणं म्हणजे मॅश. मिरची-लसूण खलबत्त्यात कुटणं म्हणजे पाउंड. पाट्यावर वाटणं आणि चक्कीवर दळणं, दोन्ही ग्राइंड. इथे इंग्रजी गरीब पडते. आपण कुटतो, ठेचतो, वाटतो, दळतो, भरडतो, चेचतो आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

प्रश्न: केळीच्या घडाला बंच म्हणतात, मग फणीला काय? आणि फिंगर म्हणजे बोट ना?

फणीला हँड आणि एकेका केळ्याला फिंगर. निर्यातीच्या कागदावर "फिंगर लेंग्थ" लिहिलेलं असतं ती केळ्याची लांबी. गाड्या भरणाऱ्या दादाला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्याने फणी उलटी धरून पाहिली आणि म्हणाला, "खरंच हातच आहे की." एवढं लक्षात आलं की पुरे.

माणसाच्या बोटांबद्दल मात्र उलटं आहे. आपलं बोट हाताचंही असतं आणि पायाचंही. इंग्रजीत हाताचं फिंगर, पायाचं टो. अंगठ्याला थम, पण पायाचा अंगठा बिग टो. केळीला पाच-सहा टोज लागल्या असं कोणी लिहू नये म्हणून सांगितलं.

केळीच्या बुडातून फुटणारं पील म्हणजे सकर. शेतीच्या कागदात हा चांगला शब्द आहे. अमेरिकन बोलण्यात मात्र सकर म्हणजे सहज फसणारा भोळसट. "वुई हॅव टू थाउजंड गुड सकर्स" हे वाक्य रोपवाटिकेबाहेर बोलू नका.

प्रश्न: बातमीत कॉटनचा भाव "प्रति कँडी" पन्नास हजारांच्या वर असतो. आमच्या कापसाला एवढा भाव का मिळत नाही?

कारण ते कॉटन म्हणजे तुमचा कापूस नव्हे. आपण वावरातून वेचून आणतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी काढली की रुई. इंग्रजी बातमीदार दोघांनाही कॉटन म्हणतो. नेमकं बोलायचं तर सरकीसकट तो सीड कॉटन, रुई म्हणजे लिंट आणि सरकी म्हणजे कॉटनसीड. मराठीत तीन नावं लख्ख वेगळी आहेत, इंग्रजीत त्यांच्यावर एकच पांघरूण घातलंय.

आणि कँडी म्हणजे आपलीच खंडी, साहेबांच्या तोंडात बसवलेली. रुईच्या व्यापारात ती ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोची. तुम्ही क्विंटलवर कापूस विकता, बातमी खंडीवर रुईचा भाव सांगते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मनस्ताप करून घेऊ नका. गाठीचंही तसंच. आपल्याकडची गाठ १७० किलोची, अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या आसपास. दोन्हींचं नाव बेल.

गोळीवाली कँडी वेगळी. तिचा माग अरबी-फारसीतून थेट संस्कृत "खंड" या शब्दापर्यंत जातो, म्हणजे साखरेचा खडा.

जिनिंगवरच्या सुपरवायझरने एकदा हळूच विचारलं, "सर, जिन म्हणजे दारू ना?" तीही जिन, पण तिचं नाव ज्युनिपर नावाच्या फळावरून आलं. सरकी काढणारी जिन हे इंजिनचं कापलेलं शेपूट आहे. एली व्हिटनी या अमेरिकन माणसाला अशा यंत्राचं पेटंट १७९४ साली मिळालं.

प्रश्न: शेड आणि शॅडो, दोन्ही सावलीच ना?

मे महिन्यात भुसावळच्या स्टेशनबाहेर उभे राहा, फरक अंगाला कळेल. ज्या निंबाखाली जाऊन उभं राहता ती शेड, ऊन अडवणारी जागा. तुमच्या पायाशी पडलेली, तुमच्याच आकाराची ती शॅडो. शॅडोत कोणी विसावा घेत नाही.

खरी गंमत पत्र्याच्या शेडची आहे. झाडाची शेड आणि पत्र्याचं शेड हे इंग्रजीत दोन निराळे शब्द आहेत, त्यांचे स्वरही निराळे आहेत. झाडाच्या शेडमध्ये "ए" लांबतो, पत्र्याच्या शेडमध्ये तोकडा राहतो. देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा मिळते, म्हणून आपल्या तोंडी दोन्ही एकच झाले. गेट, टेस्ट, पेन, सेल, वेट यांचंही तेच. सेल बॅटरीचाही, स्वस्त विक्रीचाही आणि विकणे हे क्रियापदही. वेस्ट म्हणजे पश्चिम, कचरा आणि बनियन. यावर उपाय एकच, कानाने ऐका. लिहिलेली देवनागरी वाचून इंग्रजी उच्चार शिकू नका. अगदी मी इथे लिहिलेलीसुद्धा.

भुसावळकरांचा हक्काचा शब्द म्हणजे बर्थ. गाडीतली झोपायची जागा आणि जन्म, दोघांचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये पहिल्यात "ई" आणि दुसऱ्यात "आय". इथे तरी कानाचा उपयोग नाही, डोळेच लागतात.

प्रश्न: सी, लुक आणि वॉच?

दिसणे, बघणे, राखणे. झालं. डोळे उघडे असले की दिसतं, ते सी. मुद्दाम नजर टाकता, ते लुक. एखाद्या हलत्या गोष्टीवर नजर ठेवून राहता, ते वॉच, म्हणून मॅच वॉच करतात आणि रात्री केळीचं वावर राखतो तो वॉचमन. तसंच ऐकू येणं म्हणजे हिअर, कान देऊन ऐकणं म्हणजे लिसन.

प्रश्न: घरी अहिराणी बोलतो. त्याने इंग्रजी बिघडतं का?

नाही. हे कोणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. "माले माहीत शे" आणि "मला माहीत आहे" या दोन्ही वाक्यांची इंग्रजीपुढे अडचण एकच आहे. आपल्याकडे माहिती, भूक, आवड या गोष्टी माणसाकडे चालत येतात, म्हणून "माले" किंवा "मला". इंग्रजीत माणूस पुढे होऊन "आय नो" म्हणतो. ही उडी अहिराणीवाल्याला, खान्देशातल्याच तावडी आणि लेवा या बोली बोलणाऱ्यांना आणि पुण्याच्या माणसाला सारखीच मारावी लागते.

प्रश्न: से, टेल, स्पीक?

म्हणणे, सांगणे, बोलणे. सांगायला समोर माणूस लागतो, म्हणून "टेल मी". से नंतर माणूस थेट येत नाही. "तो मला म्हणाला" या वाक्यावरून आपण "ही सेड मी" करतो, तिथे "ही सेड टू मी" किंवा "ही टोल्ड मी" हवं.

प्रश्न: वेदर आणि क्लायमेट?

आज ढग आहेत, उद्या वारा सुटेल, हे वेदर. जळगाव जिल्हा उन्हाळ्यात भाजून काढतो, हे क्लायमेट, साधारण ३० वर्षांच्या सरासरीवरून ठरणारं. केळीचा जो हवामान आधारित विमा असतो त्याच्या इंग्रजी नावात वेदर आहे, कारण तिथे ठरलेल्या दिवसांत तापमान, वारा अशा गोष्टी ठरलेल्या आकड्यांच्या बाहेर गेल्या का, हे मोजतात.

विम्याचं आलंच आहे तर सांगतो, इन्शुअर म्हणजे विमा उतरवणं, एन्शुअर म्हणजे खात्री करून घेणं आणि ॲशुअर म्हणजे दुसऱ्याला खात्री देणं. एजंट ॲशुअर करतो, तुम्ही एन्शुअर करा.

प्रश्न: हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल?

इतिहासाशी संबंध असलेलं ते हिस्टॉरिकल, इतिहासात महत्त्वाचं ठरलेलं ते हिस्टॉरिक. पारोळ्याच्या किल्ल्यावरचा प्रकल्प कराल तर तो हिस्टॉरिकल प्रोजेक्ट. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन हिस्टॉरिक, कारण खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन होतं. शाळेच्या गॅदरिंगला मात्र उगाच हिस्टॉरिक म्हणू नये, निवेदकांनो.

प्रश्न: "आय पास्ड आऊट इन २०१९" बरोबर आहे का?

परदेशी माणसाला वाटेल तुम्ही २०१९ मध्ये बेशुद्ध पडलात. "आय ग्रॅज्युएटेड" म्हणा. पोलिस किंवा लष्करी प्रशिक्षण पूर्ण केलं असेल तर पास आऊट चालतं.

प्रश्न: परवाला इंग्रजीत एक शब्द आहे का?

वापरातला नाही. "द डे आफ्टर टुमॉरो" किंवा "द डे बिफोर येस्टरडे", एवढं लांब बोलावं लागतं. आपला परवा दोन्हीकडे जातो, पण क्रियापद बघून कोणीही चुकत नाही.

प्रश्न: ब्रदर-इन-लॉ म्हणजे मेहुणा ना?

मेहुणाही, शालकही, दीरही, कधीकधी साडूसुद्धा. क्लासमधल्या एका सुनेने "माय ब्रदर-इन-लॉ इज कमिंग" लिहिलं तेव्हा मी विचारलं, दीर की बहिणीचा नवरा? ती म्हणाली, "सर, दीर असता तर मी इतक्या आनंदाने लिहिलं असतं का?" इंग्रजीत दीर स्पष्ट करायचा तर "माय हजबंड्स ब्रदर" म्हणा. नेफ्यूचंही तसंच, त्यात भाचा आणि पुतण्या एकाच पंगतीला बसतात.

प्रश्न: आम्ही आणि आपण, दोन्हींना वी?

दोन्हींना वी. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे इंग्रजी सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात पोरांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सर, वी आर गोइंग टू मनुदेवी ऑन संडे." मनुदेवी म्हणजे सातपुड्यातलं, धबधब्याजवळचं देवस्थान. वाक्य बिनचूक होतं. मी खूश होऊन विचारलं, मग डब्यात काय आणू? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ते त्यांचं "आम्ही" होतं.